कंपवाताच्या चालीला ठेका कसा द्यायचा

अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक रागाने मधुमेह आटोक्यात येतो, असे तक्ते व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. त्यांना भक्कम पुराव्याचा आधार नाही. संगीतोपचारात ज्यामागे मोजमाप आहे अशी एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, कारण ती दिसायला रुक्ष आहे: कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला मेट्रोनोमच्या (समान अंतराने टकटक करणाऱ्या यंत्राच्या किंवा ॲपच्या) ठोक्यावर चालवणे. यात राग नाही, सूर असला तर असला. काम करते ती लय.

चालताना पुढचं पाऊल कधी टाकायचं हे आपण ठरवत बसत नाही. ते वेळापत्रक मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रकं, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, सांभाळतात आणि त्यांना डोपामिन हे रसायन लागतं. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात, आतलं घड्याळ अडखळतं, पावलं आखूड आणि फरफटती होतात. कानावर समान अंतराने ठोका पडला की हालचालीला बाहेरून वेळ मिळते. ठोका ऐकताना हातपाय स्थिर असले तरी मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात, त्याचाच हा फायदा.

अमेरिकेत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज ३० मिनिटं, तीन आठवडे, तालावर चालण्याचा सराव. त्या गटाचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्के आणि पावलाचं अंतर १२ टक्के वाढलं. तालाशिवाय तेवढाच सराव करणाऱ्यांचा वेग जेमतेम ७ टक्के वाढला. अभ्यास लहान होता, हे विसरायचं नाही.

घरी सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्टला विचारा, विशेषतः रुग्ण आधी पडला असेल तर. मग पहिलं काम मोजणी. कंपवाताच्या गोळीचा असर चांगला असेल ती वेळ निवडा. सपाट, मोकळी जागा घ्या. पायपुसणी, सतरंजी, वायरी उचला. स्लीपर नको, टाचेला धरणारी पादत्राणं हवीत. रुग्णाला नेहमीसारखं चालू द्या आणि ३० सेकंदांत दोन्ही पायांची मिळून किती पावलं पडली ते मोजा. ४८ पडली तर मिनिटाला ९६. मेट्रोनोम ९६ वर लावायचा. एक ठोका, एक पाऊल.

आधी दोन मिनिटं खुर्चीत बसून ठोक्यावर पाय आपटू द्या, नंतर उभं राहून आधाराने जागच्या जागी. हे जमलं तरच चालायला सुरुवात. सोबतच्या माणसाने बाजूला, किंचित मागे राहावं. हात धरून ओढू नये. ५-५ मिनिटांचे तुकडे करून हळूहळू ३० मिनिटांवर जायचं. आठवडाभर पाऊल ठोक्यावर नीट पडलं की वेग ५ टक्क्यांनी वाढवा, म्हणजे १०१. पुढे फार तर १०६.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ज्यांचे पाय मधेच जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात, त्यांना वेग वाढवून देऊ नका. त्यांची पावलं जलद ठोक्यावर आणखी आखूड होतात, तोल पुढे जातो आणि माणूस पडतो. त्यांच्यासाठी ठोका नेहमीच्या गतीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी हवा. ९६ चे ८६-८७. पाय थिजलेच तर ढकलू नका. थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवायचं, चार ठोके जाऊ द्यायचे आणि पाचव्याला पाऊल. वळतानाही जागच्या जागी गिरकी नको. अर्धगोलात, ठोके मोजत वळायचं.

नुसत्या टकटकीचा कंटाळा येतो, मग गाणी हवी होतात. हरकत नाही, पण निवड कानाने करा. केरवा ताल सोयीचा: आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग, त्यामुळे जोर नेहमी एकाच पायावर येतो. दादऱ्यात तीन-तीनचे भाग. जोर एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर, आणि नवखा गोंधळतो. विलंबित ख्याल तर बादच, त्याची लय फार संथ. ज्या भजनाची लय शेवटाकडे चढत जाते ते ऐकायला गोड, इथे धोक्याचं: ठेका धावतो आणि रुग्णही धावू लागतो. आलापाने सुरू होणारी किंवा मधेच ताल थांबणारी गाणीही टाळा. त्यापेक्षा तबल्याच्या ॲपवर केरवा लावून गती पक्की करणं बरं. ॲपवरचा आकडा मिनिटाला पडणाऱ्या मात्रांचा आहे की नाही हे हाताने टाळी देऊन तपासा. गाण्याची गती शोधणारी ॲप्स कित्येकदा दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतात. रस्त्यावर दोन्ही कानांत हेडफोन अजिबात नको.

फायदा टिकतो का? ब्रिटन, बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या १५३ रुग्णांना घरी तीन आठवडे ठोका, प्रकाश किंवा कंपन अशा बाहेरच्या इशाऱ्यावर चालण्याचा सराव दिला गेला; चाल सुधारली, थोडीच, आणि सराव थांबल्यावर सहा आठवड्यांनी पाहिलं तेव्हा बराचसा फायदा ओसरला होता. म्हणून ठोका कायमचा कानाशी ठेवण्याऐवजी तो तोंडात बसवायचा: एक मिनिट मेट्रोनोम चालू, एक मिनिट बंद, बंद असताना रुग्णाने मोठ्याने ‘एक-दोन’ म्हणत चालायचं. संडासाच्या दारात रात्री पाय थिजले तर त्या वेळी फोन हाताशी नसतो.