गव्हाणीतला दात

जनावरांच्या प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे साडेतीनला मी आमच्या हरण्या खोंडापुढची गव्हाण पुसत होते. भरड कडेला चिकटून आंबली की हे महाराज तोंड लावत नाहीत. हाताला खडा लागला. बॅटरी मारून पाहिलं, तर दात! शेंगदाण्याहून जरासा मोठा, पिवळट, मुळाशी झिजलेला.

ज्यांच्या दावणीला खिलार जातीचं जनावर नाही त्यांना यातलं दुखणं कळायचं नाही. बैलाला पुढचे दात फक्त खालीच असतात, आठ. ते सगळे दुधाचे असेपर्यंत खोंड 'आदत'. मधली जोडी पडून पक्के दोन आले की 'दुसा', मग चौसा. प्रदर्शनातले गट दातावर पडतात, जन्मतारीख कोण विचारतो? आदतात आमच्या हरण्याला तोड नव्हती. दुशात मात्र मानेवर भरलेली, वशिंड डुलवणारी थोराड खोंडं.

आमच्याकडे ही वंशावळ आजेसासऱ्यांपासूनची. त्यांनी खरसुंडीच्या पौषी यात्रेतून एक कालवड आणली, तिचाच हा वेल. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि खोंडांना गिऱ्हाईक राहिलं नाही. शेजाऱ्यांनी जर्सी बांधल्या. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाय विकली नाही. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, जरा बरे दिवस येतात तोच पुढच्या वर्षी जनावरांत लम्पीची साथ आली आणि बाजार बंद. खरं सांगायचं तर हरण्याचा खुराक म्हशीला घातला असता तर घराला रंग लागला असता.

दात पदराच्या गाठीत बांधून मी आबांना उठवलं. त्यांनी हरण्याचा खालचा ओठ दाबून हिरडीवरून अंगठा फिरवला. "नवा टोचतोय," एवढंच म्हणाले.

"दिसत तर नाही ना? मग आदतातच लावू," आमचे हे म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. सात महिने रोज दोन लिटर दूध मी माझ्या हाताने पाजलं होतं त्याला. आबा काही न बोलता फेटा बांधायला गेले.

मैदानात आदतांची रांग लागली. पंच दोघे, एक जनावरांचे डॉक्टर आणि एक जुने खिलारवाले. कपाळावरची मधली खाच, मागे वळलेली शिंगं, चिमटीत न येणारी कातडी, पोटाला घट्ट बेंबी, काळे खूर, सगळं बघून झालं. अंगावरचे केसांचे भोवरे मोजून झाले. डॉक्टर तोंडाकडे वळले तसे आबा मागे न बघताच म्हणाले, "सूनबाई, तो दात द्या."

एवढ्या बाप्यांसमोर पदराची गाठ सोडायला घेतली तर ती सुटेना. शेवटी दाताने सोडली. आबांनी दात तळहातावर धरला. "पहाटे पडला, साहेब."

डॉक्टर म्हणाले, पक्का दात हिरडीबाहेर आलेला नाही, आदतच धरू. शेजारचा खोंडवाला उसळला, "पडला म्हणजे पडला!" जुने पंच हसले. त्यांनी स्वतः हिरडी चाचपली आणि हरण्याला दुशात पाठवलं. तिथे तो थोराडांमध्ये पोरासारखा दिसत होता. नंबर आला नाही. यांनी परतीच्या वाटेवर बापाशी चकार शब्द काढला नाही.

त्याआधी एक झालं. आम्ही टेम्पोत चढवत असताना कर्नाटकातले एक म्हातारे व्यापारी आले. हरण्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, आबांचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. खाली बोटं दाबली जात होती, वर दोघांचे चेहरे दगडासारखे. आबांनी मान हलवली. पुन्हा बोटं दाबली. पुन्हा मान हलली. व्यापारी नमस्कार करून निघून गेला. आकडा किती होता ते आबांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं, दोन्ही वेळा त्यांना ऐकू आलं नाही.

रात्री पोराने दात मागून घेतला. त्याचा स्वतःचा पडला तेव्हा आम्ही छपरावर टाकला होता, तसाच याचाही टाकायचा म्हणाला. गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावला. तो खडखडत उताराने खाली आला आणि हरण्याच्या पुढ्यातच पडला. त्याने हुंगला, फुस्स केलं आणि कडब्यात तोंड घातलं.