दुधाळ ऑइल आणि उलटं बसवलेलं सील

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घराघरात शिरलं आणि त्यानंतर आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकदम बोटीचं वेड लागलं. त्याच भरात मी आणि मामा जुनी जहाजं तोडतात त्या अलंगला जाऊन जुन्या सामानातून एक १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायची मोटर, उचलून आलो. कुठल्यातरी जहाजाच्या रेस्क्यू बोटीची असावी. दोन झटक्यात चालू झाली म्हणून आम्ही खूश, खालच्या गिअरबॉक्समध्ये डोकवायचं काही कोणाला सुचलं नाही.

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, झाल्यावर सिंधरोटला मही नदीत दोन-तीनदा फिरवली, घरी आणून रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू ढिला केला तर आधी चमचाभर नुसतं पाणीच आलं, मग ऑइल, आणि ते पण कसं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. म्हणजे पाणी शिरतंय हे नक्की. पंखा काढला, मागचा जाड वॉशर काढला तर शाफ्टला काय गुंडाळलेलं असावं? मांजा! गुलाबी, काच लावलेला, चांगले वीसेक वेढे. बडोद्यात दुसरं काय निघणार म्हणा. शाफ्टभोवतून पाणी आत आणि ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून सील असतं, त्याचं रबरी ओठ नखाएवढं पातळ, तिथे मांजा फिरला की खेळ खलास.

सील ज्यात बसतात तो बेअरिंग कॅरिअर मात्र समुद्राच्या मिठाने असा धरला होता की विचारू नका. मी हातोडी घेतली तर मामा ओरडले, "ठोकू नकोस रे, अॅल्युमिनियम आहे, तडा गेला तर मग बसशील रडत!" मामा रेल्वेत फिटर होते, त्यांच्यापुढे आपलं काय चालणार. त्यांनी बाहेरून हळूहळू गरम केलं, पुलर लावला आणि अर्धा तास बोल्ट पाव-पाव फेरा आवळत बसले. शेवटी कट्ट आवाज आला आणि सुटला. शाफ्टवर नख फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही, म्हणजे चर पडलेला नव्हता, नाहीतर नवीन सील पण गळलंच असतं.

जुन्या सीलवरचा नंबर घेऊन मकरपुरा जीआयडीसीत बेअरिंगच्या दुकानात गेलो, "बे जोइए ने?" म्हणत काउंटरवरच्या भाईने दोन सील पुढे टाकली, शंभराच्या आत काम झालं. घरी येऊन मी दोन्हींची स्प्रिंगवाली बाजू, म्हणजे तोंड, आत ठेवून बसवली, कारण डोक्यात एकच, ऑइल बाहेर येता कामा नये. वरच्या स्क्रूच्या भोकातून सायकलच्या पंपाने १० पीएसआय हवा भरली, पंधरा मिनिटं काटा हलला नाही. पास!

पुढच्या रविवारी महीत तासभर चालवली, आणि परत चहा.

इथे माझं डोकंच चालेना. मामा मात्र जुनी सील हातात घेऊन उलटीपालटी करत बसले होते (मी ती काढताना कशी बसली होती हे बघितलंच नव्हतं, तोच खरा गाढवपणा), मग म्हणाले, "चालताना आतलं ऑइल तापतं, थांबलास की थंड पाण्यात आकसतं, मग ते ओढून काय घेणार? पाणीच ना! तू आतून हवा भरून बघितलीस, बाहेरून कोण बघणार?" दोन सील एवढ्यासाठीच असतात. आतल्याचं तोंड ऑइलकडे, बाहेरच्याचं पाण्याकडे, पाठीला पाठ लावून. माझी दोन्ही आत बघत होती, बाहेर दरवाजा उघडा.

मग गॅरेजवाल्याकडून हाताचा व्हॅक्यूम पंप आणला, आतली हवा ओढून बघितली तर काटा टिकेना, डोळ्यासमोर खाली, म्हणजे बाहेरून आत गळतंय. परत सगळं खोललं, परत दोन नवीन सील आणली, या वेळी बाहेरचं फिरवून बसवलं, दोघांच्या मधे ग्रीस भरलं, कॅरिअरची ओ-रिंग पण बदलली, आणि शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळूनच कॅरिअर आत सरकवला, नाहीतर नवीन ओठ तिथेच कापलं जातं. हवा भरून टेस्ट, ओढून टेस्ट, दोन्ही वेळेला शाफ्ट हाताने फिरवत. हललं नाही.

गिअर ऑइल नव्वद ग्रेडचं, खालच्या भोकातून भरलं, वरून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालची नळी काढून पटकन खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

काल सिंधरोटला दोन तास चालवली. आज सकाळी खालचा स्क्रू अर्धा फेरा सोडला, बोटावर एक थेंब घेतला, उन्हात धरला. साफ, मधासारखा. फक्त स्क्रू परत लावताना खालचा वॉशर चेपलेला दिसला आणि डब्यात नवीन एकही नाही, म्हणजे उद्या परत मकरपुऱ्याला चक्कर.