वेठीस धरलेला शिमोन

शुक्रवार, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ). कोल्हापूर.

संध्याकाळच्या उपासनेत मार्क 15:21 वाचलं गेलं. कुरेनेकर शिमोन रानातून येत होता, शिपायांनी त्याला वेठीस धरलं आणि येशूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. पाळकसाहेब लगेच पुढच्या वचनाकडे गेले, माझं मन मात्र तिथंच राहिलं.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायू झाल्यापासून चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी मला म्हणतं, "हा तुझा वधस्तंभ, आनंदानं उचल." लूकच्या नवव्या अध्यायात प्रभू सांगतो तो वधस्तंभ माणूस आपणहून उचलतो. मला कुणी विचारलं नव्हतं. शिमोनालाही नव्हतं. तरी मार्क त्याच्या मुलांची नावं लिहितो, आलेक्सांद्र आणि रूफ, जणू वाचणाऱ्यांना ती घरची माणसं ठाऊकच आहेत. सक्तीनं सुरू झालेली ती वाट त्या घराला प्रभूपर्यंत घेऊन गेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

आत्याबाई मिरजेला नर्स होत्या. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या त्या दवाखान्यात त्यांचा उभा जन्म गेला. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, टाचा टेकू द्यायच्या नाहीत, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं, तेही अर्धवट शब्दांत आणि डोळ्यांच्या खुणांनी. पाठीला अजून एक जखम नाही. रात्री दोनला उठताना अंग ठणकतं, चिडचिडही होते. पण त्यांना कुशीवर वळवून पाठीला उशी लावली की त्यांचा श्वास मोकळा होतो, आणि त्या वेळी मी कुणाची सेवा करतेय ते मला नीट कळतं.

मात्र दुःख आपणहून मागावं, असं मला शुभवर्तमानात कुठं दिसत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं आधी दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, मग पित्याच्या इच्छेवर सोपवलं. प्रेषित पौलानंही अंगातला काटा, म्हणजे त्याला सलणारा त्रास, जावा म्हणून तीनदा मागणं केलं. म्हणून मीही रोज मागते, देवा, यांना बरं कर. त्यात अविश्वास नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईलाही आपल्याकडे हेच वचन ऐकवतात. त्या मारानं कुणाचं ओझं हलकं होतं? शिमोन चालला तेव्हा रक्तबंबाळ झालेल्या एका माणसाच्या पाठीवरचा भार उतरला. त्या बाईच्या सोसण्यानं फक्त मारणाऱ्याचा हात सैल सुटतो. तिला घराबाहेर काढणं, पोलिसांत तिच्यासोबत जाणं, हे मंडळीचं काम आहे. त्यात पोटगीची, पोरांच्या शाळेची जबाबदारी अंगावर आली तर त्याग तिथं करावा.

आज उतारा ऐकताना आणखी एक सुचलं. प्रभूचा वधस्तंभसुद्धा काही अंतर दुसऱ्यानं वाहिला. शाहूपुरीतल्या नणंदबाई कधीच्या म्हणताहेत, "वहिनी, रविवारी मी आईजवळ बसते, तुम्ही दोघं उपासनेला जा." आत्ताच त्यांना फोन करून हो म्हटलं. दोनच्या औषधाचं आणि कूस बदलण्याचं कागदावर लिहून ठेवायचं आहे.