डिलिव्हरी रिसीट जुळल्या एकदाच्या! (आणि ऑटो-रीट्राय काढतोय)

तीन वीकेंड गेले माझ्या एसएमएस पाठवायच्या टूलमधल्या या बगमध्ये, पण काल रात्री साडेबाराला सापडला आणि इतका आनंद झाला की आज लगेच लिहायला बसलो. मागच्या वेळी लिहिलं होतं बघा, दुसरा रूट (मेसेज पुढे नेणारा सप्लायरचा मार्ग) जोडल्यापासून बरेच मेसेज डॅशबोर्डवर 'पाठवला'वरच अडकतात, 'पोचला' होतच नाहीत, तेच हे प्रकरण. नुसतं स्टेटस चुकत असतं तर एकवेळ चाललं असतं, पण रीट्रायचा नियम असा होता की अर्ध्या तासात डिलिव्हरी रिसीट (मेसेजचं काय झालं ते सांगणारी पावती) आली नाही तर मेसेज पुन्हा पाठवायचा. म्हणजे मेसेज पोचलेला, रिसीटही आलेली, फक्त ती मला ओळखता येत नाही, म्हणून परत पाठव! टूल वापरून बघणाऱ्या एका दवाखान्याच्या पेशंटना अपॉइंटमेंटची तीच आठवण तीन-तीनदा गेली. त्यांचा फोन आला तेव्हा मनापासून वाईट वाटलं, लोक विश्वासाने नंबर देतात आणि आपण त्यांना असं सतवायचं हे बरोबर नाही.

शोधायला सुरुवात केली ती चुकीच्या टोकापासून. अडकलेले मेसेज बघितले तर सगळेच्या सगळे देवनागरी, मग वाटलं एन्कोडिंगचाच (अक्षरं बाइटमध्ये बदलण्याचा) घोळ असणार. एका एसएमएसच्या १४० बाइटचं गणित तुम्हाला पाठच असेल, साधा इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, यूसीएस-टूमध्ये (देवनागरीसाठी लागणारं दोन बाइटचं एन्कोडिंग) गेला की ७०, आणि लांब मेसेजचे तुकडे पडले की हेडरचे (तुकडे जोडायच्या माहितीचे) ६ बाइट जाऊन प्रत्येकी ६७. डेटा कोडिंग (मेसेजचं एन्कोडिंग सांगणारं फील्ड) तपासलं, हेडर तपासलं, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट वाचायचं टूल) लावून एकेक पॅकेट वाचलं (एसएमपीपी, म्हणजे सप्लायरकडे मेसेज द्यायचा प्रोटोकॉल, इतकं नीट उलगडून दाखवणारं फुकटातलं दुसरं काही मला तरी मिळालं नाही). त्यात दोन खरे बग सापडले. एक म्हणजे बहुतेक इमोजी दोन युनिटचे (दोन अक्षरांची जागा घेणारे) असतात आणि माझा कोड ६७ वर डोळे मिटून कापत होता, त्यामुळे कधीकधी इमोजीचा अर्धा भाग एका तुकड्यात आणि अर्धा दुसऱ्यात. दुसरा जास्त घातक होता, तुकड्यांचा रेफरन्स नंबर ० ते २५५ मध्येच फिरतो आणि माझा प्रत्येक वर्कर (मेसेज पाठवणारी प्रोसेस) स्वतःचा नंबर शून्यापासून सुरू करत होता, म्हणजे एकाच माणसाला पाठोपाठ दोन लांब मेसेज गेले तर त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळू शकत होते. आता नंबर समोरच्या फोन नंबरप्रमाणे वाढतो. दोन्ही दुरुस्त झाले, पण रिसीट जुळेनातच.

सप्लायरच्या सपोर्टला विचारलं की उत्तर एकच, 'आमच्याकडून डिलिव्हर झालंय.' रिसीटचं एक उदाहरण सबमिटच्या उत्तरासोबत (मेसेज दिल्यावर त्याचा आयडी घेऊन येणारं उत्तर) द्या म्हटलं तर तेही नाही.

शेवटी काल दोन कॉलम शेजारी-शेजारी मांडले, डावीकडे सबमिटच्या उत्तरातला मेसेज आयडी, उजवीकडे रिसीटमधला, दोन्ही वेळेनुसार. डावीकडे आकड्यांमध्ये ए ते एफ अशी अक्षरं होती, एफच्या पुढचं एकही नाही. उजवीकडे नुसते आकडे. कॅल्क्युलेटर उघडला, डावीकडचा ००२बी७एफ१ए टाकला आणि समोर आलं २८५०५८६, जे उजवीकडे पहिल्याच ओळीत होतं! म्हणजे सबमिटला आयडी हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) आणि रिसीटमध्ये तोच आयडी दशमानात. मग देवनागरीच का अडकत होतं? तर देवनागरीसारखे युनिकोड मेसेज मी त्या दुसऱ्या रूटने पाठवत होतो, एवढंच. लिपीचा काही संबंधच नव्हता, आणि सिम्युलेटर (टेस्टसाठीचा खोटा सप्लायर) दोन्हीकडे एकच आयडी देत असल्यामुळे टेस्टमध्ये कधी दिसलं नाही.

एसएमपीपी ३.४ च्या परिशिष्टात रिसीटमधला आयडी दशमान दिलाय, पण रिसीटचा फॉरमॅट सप्लायरवर सोडलाय, त्यामुळे हा खेळ जुना आहे असं आता वाचनात आलं. रिसीटेड मेसेज आयडीचा वेगळा टॅग (रिसीटसोबतचं जादा फील्ड) येत असेल तर मी आधी तोच बघतो, माझ्या सप्लायरकडून येत नाही. म्हणून आता प्रत्येक रूटच्या सेटिंगमध्ये 'आयडी कसा येतो' असा रकाना आहे आणि आयडी सेव्ह करतानाच एका रूपात आणतो, सुरुवातीची शून्यं काढून.

हे झाल्यावरही थोड्या रिसीट सुटतच होत्या. त्या रिसीट इतक्या पटकन येतात की सबमिटचं उत्तर डेटाबेसमध्ये लिहून व्हायच्या आधीच दारात हजर. त्यांच्यासाठी वेगळं टेबल केलं, न जुळलेली रिसीट तिथे थांबते आणि थोड्या वेळाने परत जुळवून बघतो. ही रांग पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच ठेवलीय, स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून पुढे जायची सोय) वापरून, यासाठी वेगळा ब्रोकर (रांगा सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणायची मला अजून तरी गरज वाटत नाही. सकाळपासून न जुळलेली एकही नाही, दर दहा मिनिटांनी ते रिकामं टेबल उघडून बघतोय.

आधी ठरवलं होतं की आता रीट्रायची वेळ अर्ध्या तासावरून दोन तासांवर न्यायची. पण हे लिहिता लिहिताच पटलं की रिसीट न येणं आणि मेसेज न पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत, मग आपोआप पुन्हा पाठवायचंच कशाला? सबमिटच नाकारलं गेलं, थ्रॉटलचा (वेगमर्यादा ओलांडल्याचा) एरर आला, तरच परत पाठवायचं. बाकीच्यांना 'माहिती नाही' असं तिसरं स्टेटस, आणि पुन्हा पाठवायचं बटण माणसाच्या हातात. शिवाय व्हॅलिडिटी पीरियड (मेसेज कधीपर्यंत पोचवायचा ती मुदत) लावायचा, अपॉइंटमेंट होऊन गेल्यावर तिची आठवण पोचून काय उपयोग.

एक छोटी गोष्ट मात्र फारच छान जमलीय, मेसेज लिहायच्या खिडकीतला काउंटर आता नेमकं कुठल्या अक्षरामुळे मेसेज १६० वरून ७० वर घसरला ते रंगवून दाखवतो. बहुतेक वेळा वर्डमधून पेस्ट झालेलं वळणदार अवतरण चिन्ह निघतं, एका क्लिकमध्ये साधं करता येतं. दवाखान्यातल्या ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी जुने सगळे टेम्प्लेट त्यातून काढले.

कॅम्पेन शेड्यूलर (एकगठ्ठा मेसेज ठरल्या वेळी पाठवायची सोय) या महिन्यात होणार होता, तो पुढे ढकलतोय. आधी 'थांबवा' असं उत्तर आलं की नंबर लगेच यादीतून बाद करायचं काम घेतो. देवनागरीत लोक ते किती तऱ्हांनी लिहितात याची यादी कुणी केली असेल तर पाठवा.