तुम्ही विचारलंत म्हणून: घटना एक, मग वाटण्या वेगळ्या कशा?

"देश एक शे, घटना एक शे, मंग कायदा इतला कसाकाय?" नंदुरबारातल्या शहादा-तळोद्याकडचे पक्षकार हे नेहमी विचारतात. पुण्याचे नातेवाईक तेच विचारतात, जरा चिडून.

घटनेनं पाटी कोरी केलीच नव्हती. कलम ३७२नं आधीचे कायदे चालू ठेवले, कलम १३नं रूढीलाही कायद्यात धरलं आणि कलम ४४मध्ये समान नागरी कायद्याची इच्छा लिहून ठेवली. चोरी-मारामारीला, खरेदी-विक्रीच्या कराराला धर्म विचारत नाहीत. फाटे फुटतात ते लग्न आणि वारशापाशी.

बांधाला बांध लागून दोन शेतं धरा. एक गुजर घराचं, एक पावरा या आदिवासी जमातीतल्या घराचं. गुजरांच्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका वाटा आहे. महाराष्ट्रानं १९९४ला लग्न न झालेल्या मुलींना दिला, २००५ला केंद्रानं सगळ्यांना. पावऱ्यांच्या मुलीला तो कायदा लागूच नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) अनुसूचित जमातींना बाहेर ठेवतं, केंद्रानं वेगळी अधिसूचना काढली तरच आत घेतं. मग रूढी. आणि रूढी म्हणजे बहुतेकदा पंच सांगतील ती. "देज घेतलं ना, आता वाटा कसला?" हे मी भर बैठकीत ऐकलंय. देज म्हणजे लग्नात नवऱ्याकडून मुलीसाठी घेतात ती रक्कम. देज घेतं कोण, तर बाप!

पण हाच वेगळेपणा कवचही आहे. तीच जमीन बिगर आदिवासीला विकायची तर महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं, परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. म्हणून सरसकट "एकच कायदा करा" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रूढीच्या नावाखाली बहिणीला उठवून लावणाऱ्यांशी तर त्याहून नाही.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात नेमकं इथंच बोट ठेवलं. खालची न्यायालयं म्हणत होती, बाईला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मिळत नाही अशी रूढी तरी कुठे सिद्ध झालीय? आणि समानतेच्या आधारे तिच्या वारसांना वाटा दिला.

तेव्हापासून बहीण आली की मी आधी तलाठ्याकडे पाठवतो. गावातले जुने फेरफार, म्हणजे जमिनीवर नाव बदलल्याच्या नोंदी, काढा, कुठल्या बहिणीचं नाव लागलंय का बघा. भावाचा वकील 'रूढी' म्हणाला, की मग ते कागद टेबलावर ठेवता येतात.