चिप बसली, नाव काही बदलेना

पाळीव प्राण्याला ओळखीची चिप बसवायची म्हटलं की लोक हमखास विचारतात, दुखतं का, भूल द्यावी लागते का, ती आत फुटणार तर नाही ना. नोंदणीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. खरा घोळ तिथेच आहे, आणि माझं डोकं अजून त्यावरून तापलेलं आहे.

मांजरीचं काम चुटकीसरशी झालं. मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते, पण भूल वगैरे लागत नाही. चिंगी एकदा गुरगुरली आणि उलटपावली पिंजऱ्यात जाऊन बसली. चिप साधारण १२ मिलिमीटर लांब असते, काचेच्या आवरणातली. बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आला की त्याच्याच लहरींवर ती चालू होते आणि १५ आकडी क्रमांक देते. बास. नाव, पत्ता, फोन यातलं काहीही तिच्यात नसतं. मांजर कुठे उंडारतंय तेही तिच्यावरून कळत नाही; तिला जीपीएस समजणारे बरेच जण मला भेटले. क्रमांक कोणाचा, हे नोंदणीच्या यादीत असतं. यादीत नाव नसेल तर चिप असून नसल्यासारखी.

आमचा कुत्रा मोत्या मात्र चिप घेऊनच आमच्याकडे आला. आधीच्या घरची मंडळी परगावी गेली आणि ओळखीतून तो आमच्या पदरात पडला. सोबत पट्टा, कुरतडलेली गादी आणि लसीचं पुस्तक. चिपचा दाखला नाही. डॉक्टरांनी मानेमागे स्कॅनर फिरवला, आवाज नाही. पट्टा काढायला लावला, कारण धातूची कडी जवळ असली की कधीकधी वाचायला अडथळा येतो. तरी नाही. मग त्यांनी स्कॅनर अगदी अंगालगत धरून, सावकाश, नागमोडी खाली आणला आणि डाव्या खांद्याच्या बरंच खाली तो वाजला. चिप सरकते अशी. घाईत असलेला माणूस ‘चिप नाही’ म्हणून मोकळा झाला असता. तेव्हा स्कॅन करताना पाठ, खांदे, पुढचे पाय, सगळीकडे फिरवायला सांगा; संकोच करू नका.

क्रमांक हातात आला म्हणून मी खुशीत नोंदणीच्या पानावर गेलो. ‘हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे.’ असणारच. खाली ‘मालकी बदला’ असं बटण होतं. ते दाबलं, तर ओटीपी गेला नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे आधीच्या मालकीणबाईंच्या. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, तो नंबर मी केव्हाच बंद केला!” बरं, मग त्यांनीच आपला नंबर बदलून घ्यावा. तर नंबर बदलायचा ओटीपीसुद्धा त्याच बंद नंबरवर!

मदत कक्षातला संवाद मला तोंडपाठ झाला होता.

“अर्ज मालकांनी स्वतः करायला हवा.”

“मालक मीच आहे.”

“आमच्याकडे मालक म्हणून त्यांचं नाव आहे.”

“तेच तर बदलायचंय!”

“त्यासाठी मालकांनी अर्ज करायला हवा.”

बाईंनी बिचाऱ्यांनी संमतिपत्र लिहून दिलं, ओळखपत्राची प्रत जोडली. उत्तर आलं, चिपचा मूळ दाखला जोडा. तो त्यांच्या सामानाच्या बांधाबांधीत गेलेला. चिपच्या पाकिटात क्रमांकाचे चिकटवायचे स्टिकर येतात, आणि त्यातला एक लसीच्या पुस्तकात मागच्या पानावर सापडला. मला कोण आनंद! पण कोपरा सोललेला, शेवटचे दोन आकडे गायब. फोटो परत आला: ‘क्रमांक अपूर्ण’. मध्येच एकदा ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेशही आला. कसलं निवारण, ते त्यांनाच ठाऊक.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. क्रमांक ठाऊक असलेल्या कुणालाही नाव बदलता आलं, तर चोरलेला कुत्रा दुपारपर्यंत चोराच्या नावावर होईल. पण माणसं फोन नंबर बदलतात, एवढी साधी गोष्ट अर्ज बनवणाऱ्याला सुचू नये?

शेवटी मी लेखी तक्रार केली आणि एकदाचा एक समजूतदार आवाज फोनवर आला. त्याने एका वाक्यात सांगितलं: डॉक्टरांनी कुत्रा समोर ठेवून चिप वाचली, क्रमांक अमुक, असं सहीशिक्क्याचं पत्र द्या, संमतिपत्रासोबत. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर! पत्र दिलं, नाव बदललं.

म्हणून, चिप असलेला प्राणी घेताय तर जुन्या मालकांसमोर, त्यांचा फोन चालू असतानाच, नाव बदलून घ्या. मग गादी न्या. आणि हो, परदेशी न्यायचा विचार असेल तर चिप आधी, रेबीजची लस नंतर, फार तर एकाच वेळी. चिपच्या आधी दिलेली लस युरोपीय संघात धरत नाहीत. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ आकडी असावी. जुन्या ९ किंवा १० आकडी चिपा प्रत्येक स्कॅनरला वाचता येत नाहीत. पहिले तीन आकडे देशाचे किंवा बनवणाऱ्या कंपनीचे असतात. क्रमांक कुठल्या यादीत शोधायचा हे कळत नसेल तर तिथून सुरुवात करा. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना २०१६ पासून आणि मांजरांना १० जून २०२४ पासून चिप सक्तीची आहे, आणि तिथे नुसती चिप चालत नाही, यादीतली माहितीही ताजी ठेवावी लागते. मला आता ते अगदी पटतं.

दरवर्षी लसीला गेलात की चिप वाचून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या संपर्काचा रकाना रिकामा सोडू नका. मी तिथे बहिणीचा नंबर दिलाय. तिने शाळेपासून एकच नंबर ठेवलाय आणि फोन पहिल्या घंटीला उचलते.