तुम्ही विचारलंत म्हणून : मस्टर कोणाचं?

"मामी, चॅनलच्या ऑफिसात लागले तर पगार किती मिळेल गं?" नणंदेच्या मुलीने चिपळूणहून फोनवर विचारलं. हा प्रश्न मला हळदीकुंकवाला विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, लोकलमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा ओळख झाल्यावर विचारते. प्रसारणाच्या धंद्यात, कॅमेऱ्यापासून लांब, ऑफिसच्या बाजूला काम करणाऱ्या माणसाला किती मिळतं? मी एक आकडा सांगितला की समोरचा म्हणतो, "एवढाच?" आणि दुसरा सांगितला की म्हणतो, "एवढा?" दोन्ही आकडे खरे असतात. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी काम काय ते सांगायला हवं, कारण 'अ‍ॅडमिन' म्हटलं की लोकांना स्टेशनरीचं कपाट आणि चहाची बिलं दिसतात. ते काम असतंच. पण चॅनलमध्ये 'ट्रॅफिक' नावाचं एक टेबल असतं, आणि अख्खं चॅनल त्यावर चालतं. जाहिरात एजन्सीकडून आरओ येतो, म्हणजे रिलीज ऑर्डर. कोणत्या साबणाची दहा सेकंदांची जाहिरात कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेत, किती वेळा लावायची आणि दर काय, हे त्यात असतं. ट्रॅफिकवाली मुलगी तो आरओ सिस्टिममध्ये चढवते, दुसऱ्या दिवसाचा लॉग, म्हणजे कधी काय वाजणार याची यादी, बांधते, एका साबणामागे लगेच दुसऱ्या कंपनीचा साबण येणार नाही हे बघते. केबल टीव्ही नियमांत तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे, दहा जाहिरातींची आणि दोन स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रोमोंची. ती मर्यादाही तीच सांभाळते. सकाळी प्रत्यक्ष काय वाजलं त्याची यादी आरओशी ताडून बघते. जो स्पॉट, म्हणजे जी जाहिरात, वाजला नाही त्याचं बिल होत नाही. प्राइम टाइमचा एक ब्रेक चुकला तर गेलेला पैसा तिच्या महिन्याच्या पगारापेक्षा मोठा असू शकतो. मी हे काम सहा वर्षं केलंय. त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला कोणी 'नुसती क्लार्क' म्हटलं की मला आजही मनापासून वाईट वाटतं.

याशिवाय कलाकारांचे करार, मालिकेच्या निर्मात्यांची बिलं, परवाने, आणि कम्प्लायन्स, म्हणजे सरकारी नियम पाळले जातात ना ते बघणं. दाखवलेला सगळा मजकूर नव्वद दिवस जपून ठेवावा लागतो. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मागितला तर तो काढून देणारं कोणीतरी लागतं.

आता पगार. मला दोन पगार जवळून माहीत आहेत, बाबांचा आणि माझा.

बाबा रत्नागिरी आकाशवाणीच्या ऑफिसात अप्पर डिव्हिजन क्लार्क होते. कलाकारांची करारपत्रं, मानधनाची बिलं, रजेचे हिशोब हे त्यांचं काम. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती १९९७ मध्ये आली, पण ५ ऑक्टोबर २००७ च्या आधी लागलेले कर्मचारी कायद्याने सरकारी नोकरच राहिले, प्रतिनियुक्तीवर असल्यासारखे. त्यामुळे बाबांना वेतन आयोग, निवृत्तिवेतन, सगळं सरकारी मिळालं. सहाव्या आयोगाची थकबाकी दोन हप्त्यांत आली, आधी ४० टक्के आणि पुढच्या आर्थिक वर्षात ६० टक्के. दुसऱ्या हप्त्यातून माझी मुंबईतल्या डिप्लोमाची फी भरली गेली. दहा, वीस, तीस वर्षांनी बढती नसली तरी वरची श्रेणी देणारी योजना त्यांना लागू झाली. बाबांचं टेबल तेच राहिलं, पगार मात्र वर सरकत गेला.

जुलै २०२५ च्या दराने ते गणित मांडते, कारण लोकांना मूळ वेतन आणि एकूण पगार यातला फरक कळत नाही. सातव्या आयोगात अप्पर डिव्हिजन क्लार्कची पातळी ४, सुरुवातीचं मूळ वेतन २५,५०० रुपये. तेव्हाचा महागाई भत्ता ५८ टक्के धरला तर १४,७९०. मुंबई आणि पुणे एक्स, म्हणजे सगळ्यात मोठ्या शहरांच्या वर्गातली, तिथे घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे ७,६५०. वाहतूक भत्ता ३,६०० आणि त्यावर महागाई, मिळून ५,६८८. बेरीज ५३,६२८. तोच माणूस, तेच काम, पण ऑफिस रत्नागिरीत. घरभाडे १० टक्के म्हणजे २,५५०, वाहतूक २,८४४, बेरीज ४५,६८४. महिन्याला आठ हजारांचा फरक फक्त शहराचा. मुंबईत त्या ७,६५० मध्ये खोली मिळत नाही आणि रत्नागिरीत स्वतःचं घर असेल तर ते २,५५० वरकड ठरतात, म्हणून रत्नागिरीचा पगार कमी असूनही बाबांनी कधी बदली मागितली नाही. लोअर डिव्हिजनला पातळी २, सुरुवात १९,९०० वर. हेड क्लार्क आणि अकाउंटंट पातळी ६ ला, ३५,४०० वर. आठव्या आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत आणि अहवालाला अठरा महिने दिलेत, तेव्हा हे आकडे पुढे बदलतील.

पण हे वाचून कोणी आईवडिलांनी मुलीला "आकाशवाणीतच लाग" असं म्हणू नये. कायम भरती फार क्वचित निघते. जाहिराती येतात त्या बहुतेक कराराच्या, ठरावीक रकमेच्या. त्या रकमेत महागाई भत्ता, घरभाडे, दरवर्षीची तीन टक्के वेतनवाढ यातलं काही नसतं. बाबांच्या शेजारच्या टेबलावर शेवटची काही वर्षं एक कंत्राटी मुलगा बसायचा. बिलं तो बाबांपेक्षा लवकर उरकायचा. पगाराच्या दिवशी बाबा त्याच्यासमोर पगाराचं पाकीट उघडायचे नाहीत. घरी येऊन आईला म्हणायचे, "काम एकच आहे गं. मस्टर वेगळं."

ते वाक्य मला मुंबईत समजलं.

२०१२ मध्ये मी एका मराठी चॅनलच्या ऑफिसात लागले, महिना ११,००० वर. चॅनलची म्हणजे इमारत चॅनलची, गळ्यातलं कार्ड चॅनलच्या रंगाचं, पण कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचं नाव. मी त्यांच्या मस्टरवर, म्हणजे त्यांच्या हजेरीपटावर. शेजारी बसणारी मैत्रीण चॅनलच्या रोलवर, म्हणजे थेट चॅनलची नोकर. आम्ही दोघी एकच लॉग बांधायचो, ती सोमवार ते बुधवार, मी गुरुवार ते शनिवार. तिला माझ्यापेक्षा सात हजार जास्त, शिवाय मेडिक्लेम आणि रात्रपाळीला गाडी. मी रात्री साडेअकराला स्टेशनपर्यंत चालत जायचे. कामात फरक नव्हता, अनुभवात सहा महिन्यांचा होता. तेव्हा मला वाटायचं, आपणच पगार मागायला कमी पडतो. ते तसं नव्हतं. चॅनल माझ्यासाठी जेवढे पैसे मोजत होतं, त्यातला एक हिस्सा मधल्या कंपनीचा होता. माझ्या मागण्यानं तो हिस्सा कमी होणार नव्हता.

पुढचं जास्त वाईट. पीएफचे यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खात्याचा क्रमांक, आले, पासबुक फोनवर दिसायला लागलं, तेव्हा २०१५ मध्ये मी पहिल्यांदा माझं उघडलं. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला पीएफ कापलेला. पासबुकात चौदा महिने कोरे. मी जिन्यात बसून बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, रडू नकोस, सगळ्या चिठ्ठ्या जपल्या आहेस ना? जपल्या होत्या. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर तो भरण्याची जबाबदारी ज्याच्याकडे काम करतो त्या मूळ मालकावर येते, हे मला त्या आठवड्यात कळलं. मी चिठ्ठ्यांच्या प्रती जोडून चॅनलच्या एचआरला अर्ज दिला, आमच्यातल्या आणखी नऊ जणांच्या सह्या घेतल्या. चार महिन्यांनी पैसे जमा झाले. पुढच्या वर्षी मला रोलवर घेतलं. मला कोणी उपकार केला असं वाटलं नाही, कारण तेव्हा माझ्याशिवाय तो लॉग बांधणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून कोणी पगार विचारला की मी उलट विचारते, मस्टर कोणाचं?

त्यानंतर टेबल कोणतं ते बघायचं. पैशाच्या जवळचं टेबल जास्त पगाराचं, हे मी सगळीकडे पाहिलंय. ट्रॅफिक, जाहिरातीचं बिलिंग, परवाने आणि कम्प्लायन्स वर असतात. रिसेप्शन, प्रवासाची तिकिटं, सामान्य प्रशासन खाली. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या मुलामुलींनी दाखवलेली ऑफर लेटर सांगते. मराठी चॅनलमध्ये नव्याने लागताना महिना १८ ते २५ हजार, चारपाच वर्षांच्या ट्रॅफिकवाल्याला ३५ ते ५०, अनेक भाषांचं नेटवर्क असेल तर त्याहून वर. ज्याला आरओपासून बिलापर्यंतची अख्खी साखळी येते, तो नोकरी बदलताना भाव सांगू शकतो. फक्त फायली सांभाळणाऱ्याला ते जमत नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. हे मला न्याय्य वाटत नाही, पण आहे तसं सांगते. खासगी एफएमची गोष्ट निराळी. लहान शहरातल्या स्टेशनात एकच माणूस लॉग, बिल, पेटी कॅश आणि जनरेटरचं डिझेल बघतो. पगार लहान, पण दोन वर्षांत सगळा धंदा शिकून होतो. सामुदायिक रेडिओत पगार त्या संस्थेच्या ऐपतीवर, विद्यापीठाचा असो वा गावातल्या संस्थेचा.

चॅनलचा स्वतःचा दिवस कसा चाललाय तेही पगारात उतरतं. कोणतं चॅनल किती लोक बघतात ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. ते सतत पडले की जाहिरातीचा दहा सेकंदांचा दर पडतो आणि एप्रिलमधली वेतनवाढ पुढे ढकलली जाते. २०२० मध्ये आमचा पगार सहा महिने २० टक्क्यांनी कापला. त्याच वेळी केंद्राने महागाई भत्ता गोठवला आणि बाबांच्या पेन्शनवरची वाढही थांबली. जुलै २०२१ मध्ये सरकारचा दर १७ वरून थेट २८ वर आला, मधल्या तीन हप्त्यांची थकबाकी मात्र मिळाली नाही. माझे कापलेले पैसेही परत आले नाहीत. पण बाबांचं मूळ वेतन, मूळ पेन्शन कोणी हलवलं नव्हतं. खासगीत मूळ रकमेलाच हात लागतो.

आता भाचीकडे येते. तिच्याकडे दोन पत्रं होती. पहिलं वर्षाला ३,४८,००० चं, सामान्य प्रशासन, एका पुरवठादार कंपनीच्या मस्टरवर, अकरा महिन्यांचा करार. दुसरं ३,००,००० चं, ट्रॅफिक ट्रेनी, चॅनलच्या रोलवर. घरच्यांचं मत पहिल्याकडे, साहजिकच. मी तिला वही घेऊन बसायला सांगितलं.

तीन लाखांचे महिना २५,००० झाले. मूळ पगार १२,५००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे ६०१ या २५,००० मध्येच धरलेले आहेत, म्हणजे ते आत्ता हातात येणार नाहीत. राहिले २२,८९९. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,५०० गेला, की २१,३९९. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही, तिच्या भावाला असता तर दोनशे गेले असते. "म्हणजे जवळजवळ एकवीस हजार चारशे?" ती म्हणाली. हो. अंधेरीत पीजीची कॉट नऊ-दहा हजारांची, पास, डबा. उरतात थोडे. पहिलं पत्र घेतलं असतं तर महिन्याला तीन-साडेतीन हजार जास्त उरले असते, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. ते पैसे बावीस वर्षांच्या मुलीला खूप असतात.

तिने दोन दिवस घेतले आणि दुसरं पत्र स्वीकारलं. नणंद अजून माझ्यावर थोडी नाराज आहे. तिने आकडा बघितला, मी मस्टर बघितलं, आणि दोघींनाही मुलीची काळजी आहे.

रुजू होऊन महिना झाला. काल तिने पगाराच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, वर चॅनलचं नाव, खाली २१,३९९. चिठ्ठी जपून ठेव, आणि पासबुक उघडून बघ, असं मी लिहिलं. पीएफ पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. आज आठ आहे. सोळाला तिला फोन करायचा आहे.